हातातून सुटलेला कप

परवा खराडीला मुलाकडे नातीच्या हातून कप फुटला आणि या वयातही मला माझं पहिलं शूटिंग आठवलं.

पुण्यात रेडिओवरच्या नाटुकल्यात माझे सहकलाकार वसंतराव आणि मी भांडकुदळ नवरा-बायको व्हायचो. ती जोडी इतकी गाजली की तिच्यावर सिनेमा निघाला आणि त्यातही आम्हा दोघांनाच घेतलं. लोकांच्या मनातली ती बायको चांगली धिप्पाड होती आणि मी अगदीच हाडकुळी, त्यामुळे मला आधीच धडकी भरली होती.

रेडिओवर आमच्या हातात सुटी पानं असायची. वाचून झालेलं पान आवाज न करता खाली गालिच्यावर सोडून द्यायचं, ही बारा वर्षांची सवय. शूटिंगला माझ्या हातात नवऱ्यासाठी चहाचा कप होता. माझं वाक्य संपलं आणि मी कप सोडून दिला.

दुसऱ्यांदाही तेच झालं.

"बाई, आवाज तुमचाच ठेवू," दिग्दर्शक म्हणाले, "चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी घेऊ."

मी खाली बसून कपाचे तुकडे गोळा करायला लागले.

"अहो, निदान सेटवरचे कप संपेपर्यंत तरी थांबा," वसंतराव म्हणाले.

तिसऱ्या वेळी माझं वाक्य संपायच्या आतच त्यांनी माझ्या हातातून कप ओढला आणि चहाचा मोठा भुरका मारला. त्या अधाशी नवऱ्याला थिएटरात हमखास हशा मिळायचा.

कप ओढताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली होती. ती गार पडली होती आणि थरथरत होती. तेव्हा वाटलं, माझ्यावर चिडलेत. आज कळतं, माझ्याशिवाय त्या दिव्यांपुढे उभं राहायची त्यांना माझ्याहून जास्त भीती वाटत होती.