फावड्यावरच्या टपल्या

विन्झेन्त्स पोटापाण्यानं गवळी, पण ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या त्या खोऱ्यात लोक त्याला ओळखत ते रस्ता बंद करणारा म्हणून. डोंगरावरचा बर्फ कधी सुटून खाली येईल हे ओळखून रस्ता बंद करणाऱ्या गावसमितीचा तो बावीस वर्षं प्रमुख होता. खड्डा खणायचा, बर्फाचा खांब सुटा करायचा, त्यावर फावडं ठेवून टपल्या मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर मोडेल तितकी डोंगराची मर्जी खप्पा.

शनिवारी त्याच्या लेकीचं, बुर्गीचं लग्न होतं आणि रविवारी मोठं वादळ यायचं होतं. "शनिवारी दिवेलागणीपर्यंत रस्ता चालू," असा शब्द त्यानं गावाला दिला. वादळाला कुणी विचारलं नव्हतं. जेवणं उरकताहेत तोच वारा फिरला. विन्झेन्त्स लग्नाच्या कोटावरच वर गेला. तळाला साखरेसारखा रवाळ जुना बर्फ, वर वाऱ्यानं थापलेला जड थर. तिसऱ्याच टपलीला खांब मोडला.

खाली येतो तर नवरी गायब. तिथला रिवाजच तो. नवऱ्याचे दोस्त नवरी पळवून गुत्त्यात बसतात, नवऱ्यानं शोधून, बिल भरून तिला सोडवायची. पण गावात गुत्ते दोनच, चुटकीसरशी सापडेल, म्हणून या बहाद्दरांनी तिला, जिथून बर्फ खाली येतो त्या घळीपलीकडच्या गावात नेलं होतं. रस्ता नेमका घळीखालून.

"मामा, दहा मिनिटं द्या. गेलो नि आलो," जावई कासियन किल्ली खुळखुळवत म्हणाला.

"जाशील रे. येशील याचा भरवसा कोण देणार?"

"जरा हळू मारायची टपली," विहीणबाई क्रेशेन्स म्हणाल्या. "गाई पिळून पिळून हात राठ झालाय तुमचा."

विन्झेन्त्सच्या मनातही तेच होतं. तो पुन्हा वर गेला, दुसरा खड्डा खणला. तान्ह्या पोरीला थोपटावं तशी टपली मारली. दुसरीलाच खांब मोडला.

त्यानं रस्त्यावर आडवा दांडा टाकून कुलूप लावलं आणि फोन केला. "बुर्गे, तिथंच राहा."

"बाबा, आज माझं लग्न झालंय."

"माहीत आहे. मीच चर्चमध्ये नेऊन उभी केली तुला."

"आणि माझा नवरा?"

"इथंच आहे. तुझ्या सासूपाशी."

"बरं, सांभाळा त्याला."

साडेचारला घळ गडगडली. रस्त्यावर तीन पुरुष उंच बर्फ येऊन बसला. विहीणबाईंनी केकचा मोठा तुकडा विन्झेन्त्सपुढं सरकवला.

चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली. जावई-सासरे पलीकडं पोचले, तर पळवणारे सगळे गुत्त्याच्या छपरावर बर्फ उपसत होते आणि खाली नवरीच्या वेशातली बुर्गी, अंगावर गुत्तेवाल्याचा कोट, त्यांना कोपरे दाखवत होती.

"बिल किती झालं?" कासियननं घाबरत विचारलं.

"छपरात फिटलं. चल घरी." मग ती बापाकडं वळली. "दोनदा खणलंत म्हणे? पहिल्याला किती टपल्या लागल्या?"

"तीन."

"मग पुन्हा कशाला?"

"विहीणबाईंसाठी," विन्झेन्त्स म्हणाला आणि फावडं गाडीत टाकायला गेला.