अकरा आठवडे

सप्टेंबर २००५, दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम सहा हजार चारशे युरो. वर्षाकाठी एवढा पगार कमी होणार होता. हजर चौघं: माझी मामेबहीण शैलजा, तिचा नवरा श्रीरंग, माझी बायको उज्ज्वला आणि मी. जागा शैलजाचं फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधलं स्वयंपाकघर. शैलजाला जाऊन आज सात आठवडे झाले आणि तिच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी ती सकाळ आठवते, कारण त्या दिवशी मी तिला दिलेला सल्ला चुकीचा होता आणि तिनं तो ऐकला नाही. दुसऱ्यांदा दिला तेव्हा ऐकला.

फ्रँकफर्टच्या एका बँकेत ती सतरा वर्षं होती. लहान-मध्यम कारखान्यांचे कर्जाचे अर्ज तपासायचे, ताळेबंद वाचायचे, हो किंवा नाही ठरवायचं. शेवटची सहा वर्षं ती त्या विभागाची प्रमुख होती. आता शेहेचाळिसाव्या वर्षी ते सगळं सोडून तिला एका सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकसंबंधांची प्रमुख व्हायचं होतं. हाताखाली आठ माणसं, आणि काम एवढंच की गिऱ्हाईक नाराज का आहे ते शोधायचं आणि त्याला टिकवायचं. मी एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे. दोन रात्री बसून मी तक्ता केला होता. पगार, बँकेचं पेन्शन, सुट्ट्या, वय... चौदा ओळींपैकी अकरा बँकेच्या बाजूनं. शैलजानं तो चष्मा लावून, बोट फिरवत नीट वाचला.

"आल्झो दादा, तक्ता बरोबर आहे," ती नेहमीच्या जर्मन 'तर मग'नं सुरुवात करत म्हणाली. "एक बेरीज चुकेल तर शपथ."

"मग?"

"मग काही नाही. मी जाणार आहे."

उज्ज्वला म्हणाली, "यांचे दोन रात्रींचे दिवे फुकट जळले की गं!" तेव्हा शैलजानं एका सुताराची गोष्ट सांगितली. त्याचं कर्ज तिनं नाकारलं होतं, आकड्यांप्रमाणे ते योग्यच होतं. आठ दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. भांडायला नाही, पत्राखाली सही कुणाची आहे, एवढंच विचारायला. "तिला माझी सही माहीत होती रे. मी त्या दोघांना कधी पाहिलंच नव्हतं. सतरा वर्षं लोकांना नाही म्हणतेय, तेसुद्धा टपालानं." यावर माझ्या तक्त्यात ओळ नव्हती.

एप्रिल २००६मध्ये ती रुजू झाली. पहिल्याच महिन्यात तीन गिऱ्हाइकं सोडून जायच्या बेतात होती. त्यातले एक कायझर्सलाउटर्नजवळ पंप बनवणारे म्हातारे कारखानदार. ते तिच्यावर चाळीस मिनिटं ओरडले. ती वहीत लिहीत राहिली. ते थांबल्यावर तिनं त्यांच्याच सतरा तक्रारी क्रमानं वाचून दाखवल्या आणि सांगितलं, यातल्या चार तुमच्या चुका आहेत, तेरा आमच्या. बँकेत ताळेबंद वाचायची तशीच तिनं त्यांची नाराजी वाचली होती. ते हसले आणि करार टिकला. मात्र तिच्या साहेबांना तेरा हा आकडा मुळीच आवडला नाही. गिऱ्हाइकासमोर इतक्या चुका कबूल करायच्या नसतात, असं त्यांनी तिला बोलावून सांगितलं. घरी येऊन ती साहेबांची नक्कल करायची, "सात म्हटलं असतंत तरी चाललं असतं!" आणि पोट धरून हसायची. इतक्या वर्षांत कामाबद्दल बोलताना ती हसलेली मी पाहिली नव्हती.

जुलैच्या पंधरा तारखेला, शनिवारी, मी त्यांच्याकडे गेलो होतो. ती बाल्कनीत शेंगा मोडत बसली होती. मध्येच उजव्या बरगडीखाली हात दाबायची.

"काय होतंय?"

"दुखतंय. महिना झाला. डॉक्टर म्हणतात, तीन दिवस हॉस्पिटलात राहून तपासण्या करून घ्या. पित्ताचा खडा असेल म्हणाले... असेल."

"तीन दिवस म्हणजे आजारपणाची चिठ्ठी द्यावी लागणार."

"तेच तर."

इथे नव्या नोकरीत पहिले सहा महिने प्रोबेत्साइट असते. त्या मुदतीत माणसाला कारण न सांगता घरी पाठवता येतं, हे आम्हा इथे येऊन नोकरी करणाऱ्यांना पत्त्यासारखं पाठ असतं. अंगात ताप घेऊन त्या सहा महिन्यांत कामावर गेलेले किमान दहा मराठी लोक मी नावानिशी सांगू शकतो. मी स्वतः गेलो आहे. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी आठवडे मोजले. तीस सप्टेंबरपर्यंत अकरा.

"साहेबाचं आधीच त्या तेरावरून बिनसलंय," मी म्हणालो. "त्यात आजारपण कशाला दाखवतेस? अकरा आठवडे काढ. खडा कुठे पळून जात नाही."

श्रीरंग आतून म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे, सोमवारी जा तू." शैलजा त्याच्याकडे पाहून म्हणाली, "अहो, आत्ता कुठे हवं ते काम मिळालंय!" मग माझ्याकडे वळली. "दादा, पहिल्यांदाच तुझा आकडा माझ्या सोयीचा निघाला बघ."

दोन ऑक्टोबरला, सोमवारी, ती हॉस्पिटलात दाखल झाली. खडा नव्हता. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. कंपनीनं तिला काढलं नाही. साहेब दोनदा भेटायला आले, फुलं घेऊन. फेब्रुवारीत ती गेली.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, अकरा आठवड्यांनी फरक पडला असता का? ते म्हणाले, या आजारात दुखू लागतं तेव्हाच बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. बहुतेक म्हणजे किती, मी विचारलं. "तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो आकडा कुणाकडेच नाही," ते म्हणाले. श्रीरंगनं मला आजवर एका शब्दानं दोष दिलेला नाही. दिला असता तर निदान उत्तर देता आलं असतं... की तेही नसतंच आलं, कोण जाणे.

गेल्या रविवारी दुपारी ते पंपवाले कारखानदार श्रीरंगकडे आले. एकटे, गाडी चालवत. घरात श्रीरंग, त्याची आणि शैलजाची सोळा वर्षांची मुलगी ईशा आणि मी होतो. ते कोट न काढताच बसले. म्हणाले, ऑगस्टमध्ये ती कारखान्यात आली होती, आम्ही जेवायला गेलो, तिनं ताटाला हातसुद्धा लावला नाही. "मी म्हटलं, आजच्या आज डॉक्टरकडे जा, तुमच्या साहेबांशी मी बोलतो. तर म्हणाली, ऑक्टोबरपर्यंत थांबायचं ठरलंय, घरात हिशेब झालाय."

श्रीरंग खिडकीबाहेर पाहू लागला.

"तो हिशेब माझा," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान हलवली. "जा," एवढंच म्हणाले. जर्मनमधला साधा होकार. चार महिन्यांच्या ओळखीच्या माणसानं तिला आजच जा म्हटलं होतं, आणि मी...

मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. गिऱ्हाइकाच्या पैशानं जेवायचं नाही, ही शैलजाची बँकेतली सवय. ते ऐकेनात, तेव्हा एकदा त्यांनी आणि एकदा तिनं बिल भरायचं असं दोघांत ठरलं होतं. ऑगस्टचं बिल तिनं भरलं. पुढची पाळी त्यांची होती, ते जेवण झालंच नाही. हॉटेलात जाऊन त्यांनी तेव्हाच्या बिलाचा आकडा शोधून काढला होता आणि तेवढे पैसे पाकिटात घातले होते. श्रीरंग नको नको म्हणत हात मागे घेत होता, आणि ते, ही उधारी मी ठेवणार नाही, म्हणून हटत नव्हते. शेवटी ईशा उठली, आभार मानत "डांके" म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. तेवीस युरो चाळीस सेंट. शैलजाचं येणं ईशाला मिळालं.