बारादरीतली उलटी फरशी

मी नगरपालिकेत इंजिनियर. स्वभावानं तापट, हे मिस्त्रीपासून पाणी मारणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं गावातल्या जुन्या बागेचं आणि तिच्यातल्या बारादरीचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता बारादरी सरळ होणार, न्हायतर आमी तरी."

बारादरी निजामाच्या काळातली. बारा कमानी, जाड भिंती आणि त्यावर मधल्या कुणा शहाण्यानं फासलेला गुलाबी ऑइलपेंट. तो खरवडण्यातच महिना गेला. मग चुन्याचा गिलावा केला, कोरडा पडलेला हौद उपसला, कंबरेएवढं गाजरगवत काढलं, लिंबाखाली मोगरा लावला. एवढे दिवस बागेचं फाटक बंद होतं.

खरं भांडण झालं ते फरशीवरून. दगडी फरशी पायांनी झिजून खड्ड्याखड्ड्यांची झालेली. साहेबांना तिच्या जागी चकचकीत टाइल्स हव्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, इथं काय मंगल कार्यालय काढायचंय?" मिस्त्रीनं मार्ग सुचवला. जुने लोक झिजलेली फरशी उपटून उलटी बसवायचे, खालची बाजू कोरी करकरीत असते. मी लगेच हो म्हटलं. फरशा उलटल्या आणि बारादरी अशी काही दिसायला लागली की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

उद्घाटनाला चार दिवस होते. मी आमच्या अण्णांना मुद्दाम दाखवायला नेलं. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीतले रिटायर ड्रायव्हर. आयुष्यभर तुळजापूर-सोलापूर केलं, शेकड्यानं माणसांशी बोलले. पण आई गेली आणि त्यांचं बोलणंच आटलं. घरात दोनच शब्द: "वाढ" आणि "बास". तेवढे चार वाजले की बागेत जायचे. त्यांचा एक जुना दोस्त आहे, बाजारातला शिंपी, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याबरोबर वाघबकरीचा डाव मांडायचे. बाग बंद झाल्यापासून तेही बंद.

अण्णा बारादरीत आले. कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन खाली बघत उभे राहिले. "छान झालंय," म्हणाले, आणि एकटेच घराकडं वळले. रात्री अर्धी भाकर खाऊन उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला राग आला. एवढं मरमर मरून काम केलं, सख्ख्या बापाला दोन शब्द कौतुकाचे निघू नयेत?

तो राग घेऊन मी चाचांच्या दुकानात गेले, फरशा उलटल्यापासून अण्णा खांबापाशी खाली बघत राहिले तिथपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटी, त्या खांबापाशी पट कुठाय?"

"कसला पट?"

"आमचा! फरशीवर कोरलेला. वाघबकरीचा."

मला वाटायचं, ते पिशवीतून पुठ्ठ्याचा पट नेत असतील. कधी विचारलंच नव्हतं. मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला, "व्हय मॅडम, एकीवर रेघोट्या होत्या. म्हटलं पोरासोरांनी मारल्या असतील. खाली घातल्या बघा, झाकून गेल्या." कुठली फरशी कुठं बसली, त्यालाही सांगता येईना.

चाचा म्हणाले, "मी पण जुन्या शर्टाची कॉलर पलटून देतो. पण आधी खिसे तपासतो." मला एवढी लाज कधीच वाटली नव्हती. शंभरावर फरशा. सगळ्या उपटल्या असत्या तर साहेबांनी मलाच उपटलं असतं.

मग चाचांनीच फळीखालून एक रेक्झिनचं झाकण काढलं. पटावर पाखरं घाण करायची, म्हणून त्यांनी फरशीच्या मापानं शिवलेलं. हातानं घडवलेल्या फरशा, एकीसारखी दुसरी नाही. ज्या फरशीवर हे बरोबर बसेल ती आपली. मी अण्णांना घरातून ओढतच बारादरीत आणलं, मिस्त्रीलाही बोलावून घेतलं. ते सारखं म्हणत होते, "राहू दे गं, तुझं नाव खराब होईल." मी म्हटलं, "अण्णा, गप बसा. एरवी बसताच की."

चाचा आणि मी गुडघ्यांवर रांगत एकेक फरशी झाकून बघत होतो. एकीवरही बसेना. झाकणाची एक बाजू तिरकी होती, ती दर वेळी भलतीकडंच जायची. शेवटची फरशी झाली तेव्हा मला रडूच आलं.

चाचांनी एकदम कपाळावर हात मारला. "या अल्ला, चाळीस वर्षं झाली शिवतोय न् एवढं कळंना! फरशी उलटी, तर झाकण पण उलटं नको का?"

झाकण पालथं केलं. पुन्हा रांगणं सुरू. हौदाकडच्या कमानीखाली ते असं बसलं, जणू तिच्याच मापानं बेतलेलं. मिस्त्रीनं पहार लावली, फरशी वर आली, आणि मी तळहातानं चुना पुसला. रेघा दिसल्या. पट अख्खा होता. चाचांनी दाभणानं एकेक रेघ साफ केली. खांबापाशची फरशी काढून कमानीखाली घातली, आणि ही पुन्हा त्यांच्या खांबापाशी बसवली, सुलटी, झिजलेली.

चुना वाळू द्या, असं मी म्हणेपर्यंत चाचांनी खिशातून बटणं काढलीसुद्धा. कोटाची काळी वाघ, शर्टाची पांढरी बकऱ्या. कामासाठी फाटक बंद झालं तेव्हा डाव अर्धाच राहिला होता, तोच पुढं मांडायला घेतला.

"तुझ्या पाच बकऱ्या मेल्यात," चाचा म्हणाले.

"पाच? तीन!" अण्णा ओरडले. "तीन, लबाडा! दोन कुठनं आणल्यास?"

हौदावरचे कावळे उडाले. मिस्त्री माझ्याकडं बघून हसायला लागला, "मॅडम, आता कळलं तुमचा आवाज कुणावर गेलाय." मी पदरात तोंड खुपसून रडले, आणि हसलेही.

उद्घाटनाला पाहुण्यांनी फीत कापली, साहेबांनी भाषण केलं. दोघं पटावरून उठलेच नाहीत. संध्याकाळी अण्णा घरी आले ते चपला काढायच्या आधीच बोलत. वाघ कसा कोंडला, चाचानं बटण कसं सरकवलं, म्या कसं पकडलं. मी ऐकत राहिले आणि तव्यावरची भाकरी पार करपली. तीच त्यांनी सगळी खाल्ली, आणि ताट पुढं करून म्हणाले, "अजून एक टाक. तर ऐक, मग काय झालं..."