चोरलेली फांदी आणि बोरिवलीची भिंत

लोक सुट्टीत लडाखला जातात. मी आईला घेऊन मुलुंडहून घाटकोपर, अंधेरी करत बोरिवलीला गेले, लोकांच्या घरातली झाडं उपटायला. तुम्हालाही असं काही करायचं असेल तर सकाळी पोटभर खाऊन निघू नका. ज्याच्या घरचं झाड उपटायचं असतं तो आधी पोहे खायला घालतोच.

झालं असं. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत एका कंपनीने प्रयोग म्हणून झाडं लावली होती. प्रयोगशाळेत घडवलेली. हवेतला कार्बन भराभर ओढायचा आणि लाकडात कोंबून ठेवायचा, हे त्यांचं काम. लाकूड सहजी कुजत नाही, म्हणजे कोंबलेलं बाहेर येत नाही. पानंही कुजत नाहीत. आमच्या खताच्या पिंपात गेल्या वर्षीची पानं अजून इस्त्री केल्यासारखी पडली आहेत. या झाडाला बी धरत नाही, त्यामुळे ते पसरणं शक्यच नाही, असं कंपनीच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. बिचाऱ्याने वारा, पक्षी, खारी सगळ्यांचा विचार केला होता. भिशीच्या बायका तेवढ्या राहिल्या.

आमच्याकडे समजूत अशी की मागून आणलेलं झाड लागत नाही, चोरून आणलेलं हमखास लागतं. आईची भिशी आमच्या घरी झाली तेव्हा बायका जरा पाय मोकळे करायला मागे गेल्या आणि प्रत्येकीच्या पर्समधून एकेक फांदी गेली. आई पाठ करून उभी होती, कारण चोरी बघायची नसते. त्यामुळे परवा साहेब घाबरे होऊन आले आणि कोणाला फांद्या दिल्या का म्हणाले, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, मी कोणाला काहीही दिलेलं नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

साहेबांना उशिरा कळलं होतं की फांदी मातीला टेकली की मूळ धरते, आणि त्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. गॅलरीत असेल तर निभावेल, जंगलात शिरलं तर वाट लागली, असं सांगून ते गेले. आई जेवलीच नाही. शेवटी म्हणाली, "सुशीकडे आहे गं एक."

सुशीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, त्याच भिशीतली. बोरिवली पूर्वेला तळमजल्यावर एकटी राहते. तिच्या मागच्या दाराची भिंत हीच नॅशनल पार्कची भिंत.

शनिवारी निघालो. पहिला मुक्काम घाटकोपर. तिथल्या काकूंनी झाड स्वयंपाकघरात ठेवलं होतं, फोडणीचा धूर खातं म्हणून. माळ्याला भिडलं होतं. काकू म्हणाल्या, न्या बाई, ठसका तसाच आहे. आम्ही ते तुकडे करून बॅगेत कोंबलं. तिथून मेट्रोने अंधेरी. मेट्रोत बॅग मशिनमधून जाते, तिथल्या बाईंनी आत काय आहे विचारलं, आई म्हणाली गुन्हेगार. मी तिला कोपराने ढोसलं. अंधेरीच्या मैत्रिणीने झाडावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली होती आणि तिला ते सोडवेना, तेव्हा आईने दोरी आणून देण्याचं कबूल केलं. पुढे मेट्रो बदलून हायवेच्या डोक्यावरून थेट बोरिवली. प्रवास झकास, खिडकीची जागा मिळाली तर डोंगर दिसतो.

मग मावशीकडे पोचलो. झाड निळ्या पिंपात होतं आणि वरच्या मजल्याच्या ग्रिलला टेकलं होतं. मावशीने त्याच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं होतं. हिच्या हातून तुळस वाळते, कोरफडसुद्धा कुजली, असं सगळं खानदान आयुष्यभर तिला चिडवत आलंय. मीही चिडवलंय. आईने कसंबसं सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ पिंपाच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"माझ्या हातान कायच जगना नाय गो," ती म्हणाली. "ह्या एकच जगला."

मला इतकं वाईट वाटलं की म्हटलं जाऊ दे, राहू दे तिच्याकडे. पण मावशी स्वतःच स्टूल घेऊन भिंतीशी गेली आणि पलीकडे डोकावली. मीही पिंपावर चढून पाहिलं. एक फांदी भिंतीवरून उतरून जंगलाच्या मातीला टेकली होती. तिच्याखाली गवताचं पातं नव्हतं. बाकी सगळीकडे रान हिरवंगार, आणि तिथे तेवढी जागा टक्कल पडल्यासारखी.

मावशी खाली उतरली, आतून कोयता आणला आणि माझ्या हातात दिला. "काप. मुळासकट काढ."

फांदी ओढून, मूळ उकरून घेतलं. मूळ बोटभरच होतं, वेळेत पोचलो होतो. पिंप हलवायला छोटा टेम्पो केला. बोरिवलीहून मुलुंडला सरळ रस्ता नाही, मध्ये जंगल आहे, म्हणून घोडबंदरवरून अख्खा वळसा घालावा लागतो. भाव आधी ठरवा आणि कंबरेचा पट्टा न्या. झाड एकटं कसं जाईल म्हणून मावशी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. आम्ही मागे झाड धरून. आई म्हणाली, आपण निघालो नसतो तर हे झाड जंगलातून सरळ चालत आपल्या आधी मुलुंडला पोचलं असतं.

आईने वाटेतून फोन केला होता, त्यामुळे साहेब आमच्या गेटवर उभेच होते. त्यांनी पिंप ताब्यात घेतलं, मावशीला नमस्कार केला, आणि काय बोलावं न सुचून झाड फार छान वाढवलंय म्हणाले. मावशी लाजली, मग रडली.

या सहलीतलं काय राहिलं म्हणाल तर खांद्याचं दुखणं आणि रिकामी बॅग. आणि संध्याकाळचं एवढंच. मावशी आमच्या गॅलरीत उभी होती, आईच्या जास्वंदीपाशी. आईने जीव लावून वाढवलेली, पानालाही कोणी हात लावलेला तिला खपत नाही. आई स्वयंपाकघरातून आली, मावशीकडे पाहिलं, कात्री कठड्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"चहा टाकतेय गं," ती भिंतीला म्हणाली. "मला मागचं काही दिसत नाही."