नळीतला बुडबुडा

सरड्याचा मेंदू करंगळीच्या नखावर मावेल एवढा असतो. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेला असा एक मेंदू संशोधक मीराताईंनी स्कॅनसाठी काचेच्या नळीतल्या तेलकट द्रवात सोडला. त्याला हवेचा बुडबुडा चिकटून राहिला. मीराताई नळीवर टिचक्या मारू लागल्या.

“नीघ रे बाबा.”

“राहिला तर?” मी विचारलं.

“चित्रात तिथे काळं भोक दिसेल. मग हा सरडा फुकट मेला.”

जिवंतपणी त्याला हवा लागत होती. आता तीच नको होती. हे पाहून वाईट वाटेल, असा माझा अंदाज होता. काहीच वाटलं नाही. मी फक्त बुडबुड्याकडे पाहत राहिलो.

तो सुटला, वर येऊन फुटला. मीराताईंनी झाकण घट्ट लावलं. मग आम्ही दोघांनी रोखलेला श्वास सोडला.