मिऱ्यातलं द्रव्य आणि आत्याचा पाय

गेल्या मंगळवारी लातूरला माझ्या आत्याचा पाय कापला. गुडघ्याच्या जरा खाली. ऑपरेशन नीट झालं, ती जेवते आहे, बोलते आहे... तरी नांदेडला परत आल्यावर हे लिहिल्याशिवाय मला राहवेना.

आत्याचं सासर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपात घराची दगडी भिंत तिच्या पायावर आली, आणि तिचे यजमान गेले. तिचा मुलगा, दत्तादादा, तेव्हा तान्हा होता, तिच्या कुशीत वाचला. पायात रॉड घातला, हाड जुळलं, पण जंतू हाडातच राहून गेले.

पुढे ती लातूरला आली. क्लासेस वाढत होते, बाहेरगावच्या मुली डॉक्टर व्हायला येत होत्या... तिने त्यांच्यासाठी मेस काढली. सगळा भार चांगल्या पायावर टाकून ती ओट्याशी उभी राहायची.

मधूनच नडगीवरची जखम फुटायची, पू यायचा. मग गोळ्या. त्यांनी मळमळायचं आणि स्वयंपाक तर करायचाच असायचा, म्हणून जरा बरं वाटलं की गोळ्या बंद. पुढच्या खेपेला त्या लागू पडायच्या नाहीत, मग दुसऱ्या... असं करत करत जंतूच मुरले.

यंदा जखम फुटली ती मिटलीच नाही. रिपोर्ट आला तर जवळजवळ सगळी औषधं निकामी. एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं, ते सुरू केलं आणि तिच्या किडन्या कुरकुरायला लागल्या. थांबवावं लागलं.

आता माझं काम सांगते. मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. काही जंतू आत शिरलेलं औषध पंपाने उपसावं तसं बाहेर टाकतात. काही वनस्पतींमधली द्रव्यं तो पंप अडवतात, म्हणजे जुनंच औषध आत टिकतं आणि परत काम करू शकतं. मी मिऱ्यातून काढलेल्या एका द्रव्यावर काम करते आहे.

आत्याची आणि तिच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन तिच्या जखमेतले जंतू मी लॅबमध्ये काचेच्या बशीत वाढवले. त्यांच्यावर नुसत्या औषधात भिजवलेली कागदी चकती ठेवली, काही झालं नाही. नुसतं मिऱ्यातलं द्रव्य ठेवलं, काही नाही. दोन्ही एकत्र ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल... तिथले जंतू वाढलेच नव्हते.

मी तशीच बाहेर जाऊन आत्याला फोन लावला. आनंदाच्या भरात सगळं सांगून टाकलं.

"मिरं? आपल्या मसाल्यातलं?" ती हसलीच. "मग घेऊन ये की माय लवकर. लई ठणकायलाय पाय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी काय बोलून बसले. बशीत जेवढं द्रव्य लागलं तेवढं माणसाच्या रक्तात टिकत नाही, हाडापर्यंत पोचत नाही. पोचवायला गेलं तर शरीराला काय होईल, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. ते कळायला वर्षं जातात... आणि आत्याकडे आठवडे होते.

ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी लातूरला दवाखान्यात गेले, तर दत्तादादा थर्मासमधून तिला मिऱ्याचा काढा पाजत होता. तिचे ओठ तिखटाने लाल झाले होते. तरी ती घोट घोट घेत होती.

"दादा, ह्याने होणार नाही रे."

"तूच तर म्हणलीस!"

"लॅबमध्ये झालं. माणसात नाही."

"मग तू लॅबमधलं आण. मी सही करून देतो, काय झालं तर माझ्यावर."

मी म्हटलं, तुझ्या सहीने ते औषध होत नाही. दादा थर्मासचं झाकण लावत राहिला... "मग काय उपयोग तुझ्या त्या शिक्षणाचा?" एवढंच बोलला आणि बाहेर गेला.

मी आत्याचे लाल झालेले ओठ ओल्या फडक्याने पुसले.

ताप चढत गेला, जंतू रक्तात उतरायची भीती होती. डॉक्टरांनी पाय की जीव असं स्पष्टच विचारलं. आत्याने कुणाकडे पाहिलं नाही, पाय काढायला स्वतःच होकाराची मान हलवली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ एकटी होते. चादर जिथे सपाट झाली होती, तिथे बघायचं मी टाळत होते. ती मात्र तिकडेच बघत होती.

"त्ये जंतू हायेत का गं अजून तुझ्याकडं?"

"आहेत. फ्रीझरमध्ये ठेवलेत. जिवंत राहतात ते."

"म्हंजे माझा पाय न्हाई, आन् त्ये जिते हायेत."

मी म्हटलं, "तू सांग आत्या, मी नष्ट करते." खरंच केले असते.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "नको. ठेव. माझ्याकडं जेवल्या त्या पोरी डॉक्टर झाल्या असत्याल आता... त्यांच्यापुढं असाच कुणाचा तरी पाय येईल. तवा हातात काहीतरी असू दे त्यांच्या."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे केलं. तिचे खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला, तो तिने काढला नाही.

दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही. त्याचा राग मला समजतो.

आज लॅबमध्ये आले. फ्रीझरमधून आत्याच्या जंतूंची कुपी बाहेर काढली, नव्या बशीत जंतू पेरले, ऊब देणाऱ्या इनक्यूबेटरचं दार लावलं. आत्या "ठेव" म्हणाली नसती, तर आज माझा हातच धजला नसता.