वैशालीच्या कुंडीवरचं कोवळं पान

खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी देवापुढे हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, वैशालीची तुळस वाळू दे. असल्या भक्तीला देव कशाला विचारतोय, हेही कळत होतं. दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तुळशीचं लग्न सहा वर्षं माझ्याच तुळशीचं लागत होतं. त्या उन्हाळ्यात ती करपली. शेजारच्या वैशालीला पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालेलं, पण तिची तुळस कॉरिडॉरमध्ये कमरेएवढी! बायकांनी ठरवलं, यंदा हिचीच. "ताई, मंगलाष्टकं तुम्ही म्हणाल ना?" तिनं गोड आवाजात विचारलं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आदल्या दुपारी कॉरिडॉर सामसूम होता. मगमध्ये ब्लीचचं पाणी घेऊन मी निघाले. हो, मीच. कुंडीपाशी वाकले, तर खोडाला खजुरीचं कोवळं, पिवळसर पान गाठ मारून बांधलेलं. हात जागच्या जागी थांबला. का, ते आजही सांगता येत नाही.

"डोन्ट टच, माय सिस्टर." मागे मर्सी उभी होती. समोरच्या फ्लॅटमधली ही नर्स नायजेरियातल्या अन्नांग लोकांपैकी. भिंती रंगवायला माणसं येणार, कुंड्या लाथाडतील, म्हणून पान तिनंच बांधलं होतं. त्यांच्या गावात तेलमाडाचं कोवळं पान बांधलं की ती वस्तू देवाच्या ताब्यात; इथे तेलमाड कुठला, म्हणून खजुरीचं. जमिनीवरून भांडणारे दोघंही तिथून मागे सरतात, असं तिनं सांगितलं.

"पण रंगाऱ्यांना काय कळणार?" मी विचारलं.

"ज्याला कळायला हवं, त्याला कळतं," ती म्हणाली. मगकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, वास मात्र आलाच असणार.

घरी येऊन तो मग बेसिनमध्ये रिकामा केला आणि हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी ऊस बांधले, आवळे-चिंचा ठेवल्या. वैशाली ते पान सोडायला लागली. "वाळलंय हो ताई, फोटोत बरं दिसणार नाही."

"राहू दे गं. ते माझ्यासाठीच आहे," मी म्हटलं, आणि मगपासून ब्लीचपर्यंत सगळं तिला सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. कुंडी तिनं स्वतःकडे ओढून घेतली. मग अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "धरा. मुहूर्त जाईल."

माझी तुळस पुन्हा काही जगली नाही. तिची बघून अजूनही पोटात दुखतं, अगदी खरं सांगते. पण देवापुढे आता काही मागत नाही. त्या दुपारी धरलास तसा हात धर रे बाबा, एवढंच म्हणते.